व्हॉल्व्हचं मशीन लोडबॉक्सला जोडण्याआधी

गेल्या पावसाळ्यात, ऐन रोवणीच्या दिवसांत, माझा भाचा मोटरसायकलच्या कॅरिअरला एक गिटार ॲम्प्लिफायर बांधून, वैनगंगेचा पूल ओलांडून वडशाला माझ्या दुकानात आला. पोरगा झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत गिटार वाजवतो. दिवाळी झाली की होळीपर्यंत रोज रात्री नवं गाव, आणि बाकीचे महिने घरी बसून गाणी रेकॉर्ड करतो. ५० वॅटचं व्हॉल्व्हचं, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारं मशीन त्याने जुनं, वापरलेलं घेतलं होतं. घर कवेलूचं, भिंतीला भिंत लागून शेजार, आणि शेजारची माणसं पहाटे चारला उठून चिखलात उतरणारी. तिथे रात्री अकराला हे मशीन मोकळं सोडणं कुणालाच परवडणार नाही. म्हणून त्याने लोडबॉक्स मागवला होता: स्पीकरच्या जागी लावायचा, आवाज न करणारा डबा. मशीनचा जोर तो आतल्या आत जिरवतो आणि छोटासा सिग्नल रेकॉर्डिंगसाठी बाहेर देतो.

बसल्याबसल्या त्याने विचारलं, "मामाजी, मशीनच्या मांगं सोळा, आठ, चार असं लिहून आहे आन् डब्यावर नुसतं आठ. जोडू का नोको?"

या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन तास लागले. लाऊडस्पीकरचा धंदा आमच्या घरात वडिलांपासून आहे, आणि व्हॉल्व्हची मशीनं मी लहानपणापासून हाताळली आहेत. त्याला सांगितलं ते सगळं इथे लिहून ठेवतो. आता खेड्यापाड्यातली पोरंसुद्धा अशी मशीनं घेऊ लागली आहेत, आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांचा बिघाड बहुतेक वेळा टाळता आला असता असाच असतो.

ओझं सुटता कामा नये

आकड्यांचं नंतर बघू. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: व्हॉल्व्हचं मशीन चालू असताना त्याच्या स्पीकरच्या तोंडाला काहीतरी ओझं लागलेलं असलंच पाहिजे. स्पीकर असो, लोडबॉक्स असो, पण मोकळं तोंड नको. ट्रान्झिस्टरच्या मशीनचं बरोबर उलटं. त्याला स्पीकर नसला तरी चालतं, शॉर्ट मात्र सोसत नाही. आजकाल सगळ्यांचा हात ट्रान्झिस्टरच्या मशीनांवर बसलेला असतो आणि तीच सवय व्हॉल्व्हच्या मशीनला नडते.

असं का होतं, ते सायकलवरून समजेल. चढावर उभं राहून पूर्ण जोराने पॅडल मारताय आणि चेन उतरली, तर पाय एकदम खाली जातो आणि गुडघा हँडलवर आपटतो. जोर तर लागलेलाच होता, त्याला जायला जागा उरली नाही. मशीनच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, असाच जोर साठलेला असतो, चुंबकाच्या रूपात. स्पीकर असला की तो तिकडे निघून जातो. वायर सुटली की तो उलटा व्हॉल्व्हच्या बाजूला व्होल्टेज होऊन उसळतो. आत साडेचारशे व्होल्ट असतील तर तो झटका हजारांत जातो.

मी एकोणीस वर्षांचा असताना हे डोळ्यांनी पाहिलं. लग्नाचा मांडव होता, मशीन वडिलांचं, ईएल३४ व्हॉल्व्हची जोडी असलेलं. गाणं चालू असताना भोंग्यांचा आवाज एकदम गेला. मांडवाच्या मागून गेलेल्या बंडीच्या चाकात लाइन अडकून तुटली होती, पण ते मला नंतर कळलं. आवाज गेला म्हणून मी व्हॉल्यूम वाढवला. सगळे हेच करतात. दोनएक सेकंदांत मशीनच्या जाळीमागे निळसर लखलखाट झाला, काडी मोडल्यासारखा कट्ट आवाज आला आणि करपलेल्या बेकलाइटचा वास सुटला. घरी मशीन उघडलं तेव्हा व्हॉल्व्हच्या सॉकेटवर तीन नंबरच्या पिनेपासून दोन नंबरच्या पिनेपर्यंत केसाएवढी काळी रेघ ओढल्यासारखी दिसत होती. तीन नंबर म्हणजे प्लेट, जिथे सगळं व्होल्टेज असतं. दोन नंबर म्हणजे फिलामेंट, जे जवळजवळ बॉडीच्या पातळीवर असतं. ठिणगी त्या दोघांमधून धावली होती. ती रेघ म्हणजे कोळसा, आणि कोळशातून वीज वाहते. म्हणून नुसती पुसून भागत नाही, पुढच्या वेळी ठिणगी तीच वाट धरते. सॉकेट बदलावं लागलं, ट्रान्सफॉर्मर नागपूरहून नव्याने गुंडाळून आणावा लागला. वडील बोलले काहीच नाहीत, पण सीझन मशीनशिवाय गेला.

म्हणून नियम सांगतो. गिटार वाजवताना आवाज अचानक गेला, तर हात व्हॉल्यूमकडे न्यायचा नाही. आधी स्टँडबाय (व्हॉल्व्ह तापते ठेवून आवाज बंद करणारं बटण), मग वायर बघायची. दुसरं, व्हॉल्व्हच्या मशीनच्या स्पीकर लाइनमध्ये फ्यूज टाकायचा नाही. आमच्या लाऊडस्पीकरवाल्यांना फ्यूजची सवय आहे, भोंग्याचं युनिट वाचावं म्हणून. पण तो फ्यूज उडाला की मशीनचं तोंड मोकळं झालं. तिसरं, कधी स्पीकर, कधी लोडबॉक्स अशी मधे स्विचची जुगाड करायची नाही. साधा स्विच एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाताना क्षणभर कुठेच लागलेला नसतो. मशीनच्या मागचं सोळा-आठ-चारचं बटणही तसंच असतं. ते चालू मशीनवर फिरवायचं नाही, मशीन पूर्ण बंद करूनच फिरवायचं.

ओहम म्हणजे कशाचं काय

आता आकडे. सोळा, आठ, चार हे ओहम, म्हणजे विजेच्या वाटेतल्या विरोधाचं माप. व्हॉल्व्हकडे व्होल्टेज भरपूर असतं, पण करंट अगदी थोडा. स्पीकरला उलट हवं असतं, व्होल्टेज थोडं आणि करंट जास्त. दोघांची गाठ ट्रान्सफॉर्मर घालून देतो. सायकलच्या गिअरसारखंच हे काम आहे. भाच्याच्या मशीनसारखी ईएल३४ ची जोडी घ्या. तिला साधारण ३,४०० ओहमचं ओझं मानवतं. ५० वॅट काढताना तिकडे सुमारे ४१२ व्होल्ट आणि ०.१२ अँपिअर असतात. तेच ५० वॅट ८ ओहमच्या स्पीकरवर येतात तेव्हा २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर होतात.

ट्रान्सफॉर्मरचे स्वतःचे असे ठरलेले ओहम नसतात, ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. तो फक्त गुणाकार करतो. ३,४०० ला ८ ने भागलं तर ४२५. म्हणजे ८ च्या तोंडाला तुम्ही जे लावाल त्याच्या ४२५ पट व्हॉल्व्हला दिसतं. तिथे १६ चा डबा लावला तर व्हॉल्व्हला ६,८०० दिसतात, ४ चा लावला तर १,७००. मागचं बटण फिरवलं की ही पट बदलते, बाकी काही नाही. १६ वर बटण आणि १६ चा डबा, ८ वर बटण आणि ८ चा डबा, ४ वर ४: तिन्ही वेळा व्हॉल्व्हला ३,४०० च दिसतात. म्हणून भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. डब्यावर ८ आहे, बटण ८ वर ठेव.

माझ्या वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण हे जुळवणं त्यांना तोंडपाठ होतं. १०० व्होल्टच्या लाइनवर चार भोंगे टांगायचे, प्रत्येकाचा ट्रान्सफॉर्मर १० वॅटवर. १०० चा वर्ग भागिले १०, म्हणजे एक भोंगा १,००० ओहमचा. चार एकाशेजारी एक जोडले की २५०. आणि ४० वॅटच्या मशीनला १०० व्होल्टवर बरोबर २५० हवे असतात. पाचवा भोंगा कुणी मागितला की ते सगळ्यांचे ट्रान्सफॉर्मर खालच्या टॅपवर, म्हणजे कमी वॅटच्या जोडणीवर आणत, मगच पाचवा जोडत. लोडबॉक्सचं गणित याहून अवघड नाही, कारण इथे एकच डबा असतो.

एकच डबा असतो, यावर मात्र ठाम राहा. मशीनच्या मागे दोन जॅक दिसले की पोरं एकात स्पीकर आणि दुसऱ्यात लोडबॉक्स लावतात. ते दोन जॅक बहुतेक मशीनांत समांतर जोडलेले असतात. ८ चा स्पीकर आणि ८ चा डबा मिळून ४ ओहम होतात, आणि स्पीकरही गावभर वाजतो. काही मशीनांवर "२ × १६" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १६ ओहमच्या दोन पेट्या, म्हणजे मिळून ८. ८ चा डबा तिथे एकटा लावता येतो. फेंडरच्या मशीनांत आणखी एक खुबी आहे. त्यांचा मुख्य जॅक रिकामा असला की आतल्या आत शॉर्ट होतो. व्हॉल्व्हचं मशीन मोकळ्या तोंडापेक्षा शॉर्ट बरं सोसतं, म्हणून तशी सोय केलेली आहे. पण मुख्य जॅक रिकामा ठेवून डबा फक्त एक्स्टेन्शनच्या जॅकमध्ये लावलात, तर सगळं शॉर्टवरच चालेल. त्यामुळे आधी मुख्य जॅक.

कोणत्या मशीनला कोणता डबा

डबा विकत घेण्याआधी मशीनचा आकडा बघा. बटण असलेल्या हेडला, म्हणजे स्पीकर वेगळा असलेल्या मशीनला, अडचण नाही. अडचण येते ती एकाच आकड्याच्या कॉम्बोला, म्हणजे स्पीकर आतच बसवलेल्या मशीनला. फेंडर डिलक्स रिव्हर्ब ८ ओहमचं, ट्विन रिव्हर्ब ४ चं, आणि चार स्पीकरचं सुपर रिव्हर्ब २ ओहमचं. मार्शलची चार स्पीकरची पेटी बहुधा १६ ची. लोडबॉक्सांत सुऱ्हचा रिॲक्टिव्ह लोड फक्त ८ ओहमचा येतो. टू नोट्सचा कॅप्टर ४, ८ आणि १६ असा तीन वेगवेगळ्या प्रकारांत मिळतो, घेताना कोणता ते निवडावं लागतं आणि नंतर बदलता येत नाही. युनिव्हर्सल ऑडिओच्या ऑक्सवर तिन्ही आकडे बटणाने निवडता येतात, पण त्याची किंमत खेड्यातल्या कलाकाराला झेपणारी नाही.

आकडा जुळत नसेल तर? एका पायरीचा फरक, म्हणजे ८ च्या तोंडाला १६ किंवा ४, बहुतेक धडधाकट मशीनं बेताच्या आवाजावर सोसतात. ओझ्याचे ओहम जास्त असले तर व्हॉल्व्हच्या बाजूला व्होल्टेज वाढतं आणि त्याच्या आतल्या स्क्रीन ग्रिड नावाच्या जाळीवर ताण येतो. कमी असले तर करंट वाढतो आणि प्लेट तापते. पण लोडबॉक्स माणूस घेतो तो मशीन पूर्ण जोरात वाजवता यावं म्हणूनच. पूर्ण जोर आणि चुकीचा आकडा या दोन गोष्टी मी एका वेळी करू देत नाही. दोन पायऱ्यांचा फरक तर कधीच नाही. २ ओहमच्या मशीनला ८ चा डबा लावून द्या म्हणणाऱ्याला मी दुकानातून परत पाठवलं आहे. कंपनीने पुस्तिकेत अमुक इतका फरक चालतो असं स्वतः लिहिलं असेल, तर तिचं ऐका.

वॅटचा आकडाही बघायचा. ५० वॅटचं मशीन म्हणजे स्वच्छ आवाजात ५०. गिटारवाला त्याला फाटेपर्यंत ताणतो तेव्हा तेच मशीन ७०-८० वॅटसुद्धा ओकतं. म्हणून ५० वॅटच्या मशीनला १०० वॅटचा डबा, हे माझं माप. १०० वॅटचं मशीन १०० वॅटच्या डब्यावर तासभर पूर्ण ताणून चालवू नये, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४६ वर जातो. डब्यातली सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते, आणि ती जाणार कुठे, तर त्या ४६ च्या हवेत. डबा पलंगावर, गादीवर, सतरंजीवर ठेवायचा नाही. फरशीवर दोन विटा मांडून त्यांवर ठेवा, खालून-वरून हवा खेळू द्या, वर कपडा टाकू नका.

काही जण घरीच डबा करायचा म्हणतात. ॲल्युमिनियमच्या खोळीतला ८ ओहम, १०० वॅटचा रेझिस्टर जाड हीटसिंकवर पेस्ट लावून आवळलेला असेल, तर मशीन तपासायला तो चांगला. माझ्या टेबलावर तसाच आहे. पण हीटसिंक नसला तर तोच रेझिस्टर जेमतेम निम्मे वॅट झेलतो, हे विसरू नका. शेगडीची कॉइल लावू का, असं मात्र मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. हिशेब करा. २,००० वॅटची कॉइल २३० व्होल्टवर म्हणजे सुमारे २६ ओहम. १,००० वॅटची ५३ ओहम. ८ कुठेच नाही. आणि १०० वॅटचा बल्ब तर थंड असताना एक आकडा आणि तापल्यावर त्याच्या दहा-बारा पट. कॉइल आणि बल्ब दोन्ही नकोत.

रेझिस्टरचा साधा डबा आणि रिॲक्टिव्ह डबा यांत फरक आहे. खऱ्या स्पीकरचे ८ ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात. साधारण १०० हर्ट्झच्या आसपास कोन आपल्या लयीत डोलतो तेव्हा ते कितीतरी पटींनी चढतात, मधल्या सुरांत ८ च्या जवळ उतरतात आणि वरच्या सुरांत पुन्हा चढत जातात. रिॲक्टिव्ह डब्यात कॉइल आणि कपॅसिटर घालून ही चढउतार उभी केलेली असते, म्हणून बोटाखाली मशीन खऱ्या स्पीकरसारखं वागतं. साधा डबा मशीनला धोक्याचा नाही, वाजवणाऱ्याला जरा मेलेला वाटतो, एवढंच. पैसे जमत असतील तर रिॲक्टिव्ह घ्या.

मीटर लावून बघणं

हे काम मी भाच्याच्या हाताने करवून घेतलं, आणि तुम्हीही प्रत्येक वेळी करा. दोन मिनिटं लागतात.

मशीन बंद, प्लग भिंतीतून काढलेला. स्पीकर केबलचं एक टोक लोडबॉक्सच्या इनपुटमध्ये घाला, दुसरं टोक हातात मोकळं ठेवा. मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.३, ०.४ असं काही दाखवेल. तेवढं नंतर वजा करायचं. मीटरची बॅटरी उतरलेली असेल तर आकडा भरवशाचा येत नाही, बदलून घ्या. मग एक पिन जॅकच्या टोकाला, दुसरी जॅकच्या दांड्याला. ८ ओहमच्या साध्या डब्यावर ८ च्या अगदी जवळचा आकडा येतो. खऱ्या ८ ओहमच्या स्पीकरवर साडेसहा-सातच्या आसपास येईल, १६ च्या स्पीकरवर १२-१३, कारण मीटर फक्त तारेचा विरोध मोजतो. रिॲक्टिव्ह डब्यातही कॉइल असल्यामुळे आकडा छापलेल्यापेक्षा वेगळा येऊ शकतो. तो पहिल्या दिवशीच डब्याखाली मार्करने लिहून ठेवा. पुढे दर वेळी तोच यायला हवा.

आता महत्त्वाचं. आकडा बघत असतानाच दुसऱ्या हाताने केबल जॅकपाशी वाकवा, जॅक गोल फिरवा, हलकेच ओढा. भाच्याच्या केबलवर ७.९ होते. जॅक थोडा फिरवला तसे ते १४ झाले, मग ३०, मग नुसता १, म्हणजे वायर तुटलेली. सोडला की परत ७.९. जॅकच्या टोपणात झाळण सुटलं होतं, तार नुसती टेकलेली होती. तसंच वाजवायला बसला असता तर पायाचा एक धक्का पुरे होता. तो आठ-सोळाची काळजी करत नदी ओलांडून आला होता, आणि मशीन जाळायला ही एक तार बसली होती. मी झाळून दिली, पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा वाकवायला लावलं.

मग डब्याकडचं टोक काढून केबल मशीनच्या ८ च्या जॅकला लावली आणि तसंच मोजलं. इथे अर्ध्या ओहमच्या आसपास, एकच्या आतला आकडा येतो. घाबरू नका, शॉर्ट नाही. ती ट्रान्सफॉर्मरची जाड तार आहे. इथे मीटर मोकळं दाखवत असेल तर मागचं बटण किंवा जॅक खराब आहे. पावसाळ्यात बटणाच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मशीन बंद असतानाच, दहा-बारा वेळा इकडून तिकडे फिरवा आणि परत मोजा.

केबलबद्दल एक ओळ पुरे: गिटारची केबल इथे लावायची नाही. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, पण गिटारच्या केबलमधली मधली तार केसासारखी असते आणि इथून अडीच-तीन अँपिअर जायचे असतात. दीड चौरस मिलिमीटरची दोन पदरी तांब्याची तार, मीटरभर लांब, धातूचे चांगले जॅक, आणि दोन्ही टोकांना लाल टेप, म्हणजे अंधारात घोळ होत नाही.

आकडे पुसलेलं मशीन

जुनं मशीन कुणाच्या तरी माळ्यावरून निघतं, मागची अक्षरं उडालेली असतात. अशा वेळी अंदाजाने जोडू नका, आमच्यासारख्याकडे आणा. मी काय करतो ते सांगतो. ज्याला मशीन उघडायची सवय नाही त्याने हे करायचं नाही, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहू शकतं. कपॅसिटर रेझिस्टरने रिकामे करून, मोजून, पॉवरचे व्हॉल्व्ह काढून मी स्पीकरच्या टॅपवर बाहेरून एक व्होल्ट एसी देतो आणि दोन प्लेटच्या मधे किती येतात ते मोजतो. ३,४०० ओहमच्या ट्रान्सफॉर्मरवर साडेवीस व्होल्ट आले तर तो टॅप ८ चा, साडेचौदा आले तर १६ चा, एकोणतीस आले तर ४ चा. आलेल्या आकड्याचा वर्ग केला की पट निघते, आणि कोणत्या व्हॉल्व्हना किती ओहम लागतात हे माहीत असलं की बाकीचं कागदावर सुटतं.

लाईन, अर्थिंग आणि घोंघाट

खेड्यात मशीनला आणखी एक त्रास असतो. कृषिपंप चालू असले की घरात १९० व्होल्ट, आणि रात्री पंप बंद झाले की २५० च्या वर. २५५ झाले तर ६.३ व्होल्टच्या फिलामेंटवर ७ येतात आणि आतले ४५० व्होल्ट ५०० ला टेकतात. आकडे कितीही जुळवलेले असोत, व्हॉल्व्ह त्या रात्री जास्तच तापणार. चांगला स्टॅबिलायझर लावा. रेकॉर्डिंगच्या मधे लाईन गेली तर मशीनचं बटण बंद करून ठेवा, आली की पाच मिनिटं थांबून चालू करा.

अर्थिंग खरं हवं. बोर्डात तीन भोकं आहेत म्हणून अर्थिंग आहे असं नाही. भाच्याच्या घरी तिसऱ्या भोकातून तार निघून भिंतीतच संपली होती. वायरमनला बोलावून अंगणात कोळसा-मीठ घालून खड्डा करून घेतला. लोडबॉक्सचा सिग्नल लॅपटॉपच्या इंटरफेसला (आवाज लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या डब्याला) गेला की पुष्कळदा घूंऽऽ असा आवाज येतो, कारण अर्थिंगच्या दोन वाटा होतात. त्यावर उपाय डब्यावरच्या ग्राउंड लिफ्टच्या, म्हणजे सिग्नलची अर्थिंगची वाट तोडणाऱ्या बटणाचा, किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालवण्याचा. मशीनच्या प्लगची अर्थिंगची पिन कापायची नाही. आवाज जाईल, पण मग बिघाडाच्या दिवशी तारांना हात लावलेला माणूसच अर्थिंग होईल.

आणि पहिल्यांदा ऐकाल तेव्हा आवाज चिरचिरा लागेल. मशीन बिघडलेलं नाही. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक गाळून टाकतो, लोडबॉक्स गाळत नाही. लॅपटॉपमध्ये किंवा डब्यातच पेटी-स्पीकरचा आयआर (त्या पेटीच्या आवाजाची नोंद असलेली फाइल) लावायचा, मग तो आवाज माणसात येतो.

पहिली रात्र

जोडायचा क्रम असा. सगळं बंद. बटण ८ वर. केबल मशीनच्या ८ च्या जॅकमधून डब्याच्या इनपुटमध्ये. "थ्रू" लिहिलेल्या जॅकमध्ये चुकूनही नाही, तो पुढे स्पीकर लावण्यासाठी असतो. जॅक कट्ट आवाज येईपर्यंत आत. केबल टेबलाच्या पायाला सुतळीने बांधा, म्हणजे पाय अडकला तरी ओढ जॅकवर येणार नाही. मग पॉवर, दोन मिनिटांनी स्टँडबायमधून बाहेर, व्हॉल्यूम शून्यावरून हळूहळू वर.

लोडबॉक्सवर मशीन गप्प असतं, त्यामुळे ते किती राबतंय ते कानाला कळत नाही, हेडफोनचा आवाज कमी केला की वाटतं मशीनही कमी झालं. म्हणून पहिल्या रात्री दर दहा मिनिटांनी खोलीतला दिवा मालवा आणि मागच्या जाळीतून पॉवर व्हॉल्व्हकडे बघा. आतलं फिलामेंट नारिंगी दिसतं, ते बरोबर. काचेच्या कडेला निळसर झाक दिसली तरी चालते. पण बाहेरची राखाडी प्लेट मधोमध लालसर होऊ लागली, तर लगेच स्टँडबाय आणि बंद, आणि दुसऱ्या दिवशी मशीन तपासायला न्या. डब्याजवळ तळहात धरा. कढत वाफ लागली तर अर्धा तास विश्रांती.

भाच्याने त्या रात्री साडेबाराला फोन केला. प्लेटा काळ्याच होत्या, डबा कोमट होता, शेजारची म्हातारी ओसरीवर झोपली होती. मी म्हटलं, "बापू, आता आधी स्टँडबाय, मंग पॉवर, आन् जॅक काढू नोको. तो उद्यापर्यंत तसाच राहू दे."

"राहू देतो," तो म्हणाला.

जॅक तसाच राहिला. सीझन सुरू झाला आणि मशीन पेटीला लावायची वेळ आली, तेव्हाच त्याने तो काढला, आणि त्याआधी प्लग भिंतीतून काढल्याचं मला फोनवर सांगितलं.